कर्जावरचं पहिलं नाव

घटस्फोटाच्या निकालात स्पष्ट लिहिलं होतं: विजयनगरचं घर विश्वजीतकडे राहील आणि हप्तेही तोच भरेल. मी गणिताची शिक्षिका. तो कागद तीनदा वाचला आणि निर्धास्त झाले. बँकेला कुणी काही विचारलेलंच नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. स्वतःच्या त्या मूर्खपणाचा मला अजून राग येतो.

वर्षभरानं मी बोगादीला दोन खोल्यांचं घर ठरवलं. होती नव्हती ती शिल्लक आगाऊ देऊन टाकली आणि कर्ज मागायला गेले. अधिकाऱ्यांनी संगणकात पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. विश्वजीतनं पाच हप्ते चुकवले होते, आणि त्या कर्जावर पहिलं नाव माझं होतं.

ते नाव पहिलं झालं मामंजींमुळे. मामंजी म्हणजे माझे सासरे, मनोहरराव. घर घेताना त्यांनी आपला सगळा फंड मोडून दिला आणि हट्टच धरला, की आमच्या घराण्यात घर सुनेच्या नावानं घेतात, लक्ष्मीचं नाव पुढं पाहिजे. तेव्हा मी ते चांगलंच मिरवलं होतं.

"निकाल तुमच्या दोघांतला, मॅडम," अधिकारी म्हणाले. "बँकेला दोघंही सारखेच."

नाव काढायचं तर विश्वजीतला एकट्याच्या पगारावर कर्ज मंजूर व्हायला हवं होतं, आणि त्याची तर नोकरीच गेली होती. उरलं विकणं. तो फोनवर रडला आणि मग तयार झाला. हुणसूरचा एक तंबाखूचा व्यापारी थकलेले हप्ते आणि उरलेलं कर्ज फेडून घर घ्यायला तयार होता. त्याची अट एकच, तीस तारखेला घर रिकामं हवं. बोगादीच्या घराचे उरलेले पैसे भरायची माझी मुदतही तीसच होती. ती चुकली तर माझे पैसे बुडाले, आणि पुन्हा तेवढे साठवायला माझं वय उरलं नव्हतं.

मामंजी त्याच घरात राहत होते; त्यांना सांगायचं काम विश्वजीतनं माझ्यावर ढकललं. नेहमीसारखंच.

मी गेले ती भांडायच्या तयारीनं. दार उघडून ते म्हणाले, "ये गं वनजा. कॉफी घेतेस ना?" सत्त्याहत्तराव्या वर्षी स्वतःच केली, साखर जरा जास्तच पडली. मी कपात बघत सगळं एका दमात सांगून टाकलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले आणि हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "नोडम्मा, हे बघ, पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला गोदावरीचं वर्षश्राद्ध आहे. ह्याच खोलीत गेली ती. तेवढं होईपर्यंत राहू का मी? बाराच दिवस ना, अल्वा?"

राहू का, असं त्यांनी मला विचारलं. ज्यांच्या पैशांवर ते घर उभं राहिलं त्यांनी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी, म्हणजे गोदावरीबाईंनी, माझ्यावर लेकीसारखी माया केली होती. हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या बारा दिवसांत माझं घर गेलं असतं.

"नाही जमणार, मामंजी," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. रागावले असते तर बरं झालं असतं. उठून कपाटातून चष्मा आणि पेन घेऊन आले.

"बरं. माझी सही कुठं करायची, दाखव."

त्यांची सही कुठेच लागत नव्हती. फंड त्यांचा गेला, पण कागदांवर ते कुठेच नव्हते. हे काही मला सांगवेना. मी पिशवीतल्या विक्रीच्या कागदांच्या झेरॉक्स काढल्या, शेवटच्या पानावर खाली मोकळी जागा होती तिथं बोट ठेवलं. त्यांनी सावकाश स्वतःचं आणि वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली तारीख घातली.

"एवढंच ना?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले.