उजवा खालचा कोपरा

विश्वजीतच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तसं ते हातातल्या पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक कपाटात. कुणाला नाही म्हणायची वेळ आली की मी असाच कपाटाकडे वळतो.

विश्वजीत माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. पिशोरच्या पुढं माळावर त्याला दगडाची खाण काढायची आहे. अर्जासोबत नकाशा लागतो. खाणीची हद्द तर हवीच, शिवाय भोवती ठरलेल्या अंतरात असलेली घरं, विहिरी, ओढे, सगळं दाखवायचं असतं. मी आयुष्यभर नकाशे काढले, आणि अशा नकाशांवर सही करायचा परवाना अजून माझ्याकडे आहे. पत्रात त्यानं लिहिलं होतं, ‘काका, नकाशा सोबत आहे. खुणांची सूची उजव्या खालच्या कोपऱ्यात घेतलीय, ती हलवू नका. फक्त सही करा.’

सूची म्हणजे कोणती खूण कशाची, हे सांगणारी चौकट. ती कोऱ्या जागी बसवतात. तो कोपरा कोरा नसावा, अशी शंका मला आली होती. पण माझ्या शंकांवर माझाच भरवसा नसतो.

रविवारी तो सिडकोतल्या घरी आला.

“काका, उत्तर नाही म्हणजे होकार समजू ना?”

मी चष्मा पुसत राहिलो.

“यांना काही विचारायचं तर पुस्तकात छापून आण, तेवढंच वाचतात,” चहा देताना बायको म्हणाली. तो मोठ्यानं हसला आणि होकार समजूनच गेला.

दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन मी पिशोरची बस धरली.

नकाशातल्या त्या कोपऱ्याच्या जागी माळावर वस्ती होती. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईंनी मला हटकलं. केसरबाई त्यांचं नाव.

“कोण वो तुमी? खाणवाले?”

“नाही... नकाशावाला.”

“मंग दावा की. आमी हाव का नकाशात?”

मी घडी उलगडून त्या जागेवर बोट ठेवलं. बोटाखाली सूची होती.

“ह्ये काय?”

“घराची खूण. ही विहिरीची. नकाशात घर कसं दाखवतात, ते इथं सांगितलंय.”

“आन् घर कुठंय?”

“ते... याच्या खाली गेलं.”

“बघा! आमच्याच घरावर आमच्याच घराचं चित्र चिकटवलं व्हय?” त्या हसल्या, मग हसू आटपून म्हणाल्या, “सुरुंग उडला की ही इहीर पयली बसंल. तुमी सही करनार?”

“नाही,” मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडातून एवढ्या सहज निघेल असं वाटलं नव्हतं.

घरी येऊन नकाशा नव्यानं काढला. सूची समासात नेली. कोपऱ्यात प्रत्येक घर काढलं आणि विहिरीचा गोल दोनदा गिरवला.

मग पत्र लिहिलं. ‘चि. विश्वजीत, माझी सही या नकाशावर आहे, दुसऱ्या कुठल्याही नकाशावर होणार नाही. याची एक प्रत खनिकर्म कार्यालयाकडे पाठवली आहे. तुझा काका.’

भाषा उद्धट झाली का? शेवटी ‘क्षमस्व’ घालावं का? पेन बराच वेळ कागदावर धरला. मग टोपण लावून टाकलं.

टपाल कार्यालयात खिडकीतल्या मुलीनं दोन्ही पाकिटं उचलली.

“आजोबा, साधं टाकू की स्पीड पोस्ट?”

“स्पीड पोस्ट,” मी म्हणालो. “दोन्ही.”