माल-सूनचा चेहरा माझ्या पोटात आहे

साहेब, तुम्ही मला जपलेलं नाही, कोंडलंय. वर दिवा, खाली मखमल, समोर दोरी. तुमच्या कलासंग्रहालयात रोज माझी काच पुसली जाते आणि माझ्या पोटात एका बाईचा चेहरा विरत चाललाय.

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जन्म कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ह्ये-रान नावाच्या बाईच्या गळ्यात, दक्षिणेकडच्या वान्दो बेटावर. आमच्याकडे माणूस धडधाकट असतानाच त्याच्या अंत्यविधीत ठेवायचा फोटो काढून घेतो. ह्ये-रान आधी म्हाताऱ्यांना बोलतं करायची, ते बोलणं लिहून काढायची, मग मला डोळ्याला लावायची. नंतर त्यांचे राबणारे हात सिनेमात घ्यायची. राजधानीतले जाणकार म्हणत, ही धड फोटोग्राफर नाही, धड लेखिका नाही, सिनेमावाली तर नाहीच.

हे ऐकून बेटावरची यांग माल-सून आजी हसली होती. "मी समुद्रातलं शेवाळ सुकवते, कालवं फोडते, कोबी आंबवून किमची घालते. मला कुणी विचारलं का, तू नक्की कोण म्हणून?"

तिच्या फोटोच्या दिवशी ती अंगात लग्नातलं रेशमी जाकीट आणि पायात रबरी बूट घालून आली. फोटोत छातीपर्यंतच येतं, मग बूट कशाला काढायचे, म्हणाली. ह्ये-रानने मुद्दाम मागे सरकून तिला बुटांसकट टिपलं. गावातल्या बाकीच्या म्हणत, असा फोटो आधी काढला की आयुष्य वाढतं. माल-सूनचं मत वेगळं.

"पोरी, मी सांगेपर्यंत फिल्म धुवायची नाही. फोटो तयार दिसला की मरणाला वाटतं, आपलीच वाट बघतायत."

ह्ये-रानने शब्द दिला आणि पाळला. पण आधी तीच गेली, आजाराने. घरच्यांनी तिचं सगळं सामान तुम्हाला दिलं. तेव्हा जे तिला धड काहीच मानत नव्हते, ते आता तिला थोर म्हणतात. माझ्यापुढे तुम्ही पाटी लावलीत: 'न धुतलेली फिल्म – कलावंताचं अखेरचं मौन'. कसलं मौन? एका म्हातारीला दिलेला शब्द होता तो.

मला ह्ये-रानच्या पापणीची ऊब आठवते. तिच्या बोटांना येणारा खारट वास आठवतो. इथे कशालाच वास नाही.

गेल्या वसंतात माल-सून आली, लेकीचा हात धरून. खूप वाकली होती. काचेपाशी येऊन हळूच म्हणाली, "ह्ये-रान, धू आता. मी तयार आहे."

तुमचा माणूस नम्रपणे म्हणाला, "आजी, कलावंताने जसं ठेवलं तसंच ठेवावं लागतं."

"तिने माझ्यामुळे ठेवलं, बाबा. मीच सांगतेय ना, उघडा."

तो हसला आणि तिला दोरीमागे घेतलं.

मित्रांनो, पुसून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. वस्तू ज्याच्यासाठी राबली, त्याच्या कामी तिला येऊ देणं, हे जपणं.

साहेब, माल-सून अजून जिवंत आहे. तिला स्वतःचा चेहरा एकदा बघायचाय. तो चेहरा कुणाचा, तिचा की तुमचा? ती असेपर्यंत सांगा.