असू दे

शाळेला सणाची तीन आठवड्यांची सुट्टी लागली आणि दोन दिवसांत शिक्षकांच्या वसतिगृहात शुकशुकाट झाला. जो तो आपापल्या गावी पळाला. समोरच्या खोलीतली गाण्याची शिक्षिका जाताना आपल्या कुंड्या मास्तरणीच्या हवाली करून गेली.

मास्तरीण हे तिचं घरचं नाव. चार वर्षांची असताना ती उशा ओळीने बसवून त्यांना बाराखडी शिकवायची आणि एखादी उशी लवंडली की तिला कोपऱ्यात उभी करायची. तेव्हापासून अण्णा, म्हणजे तिचे वडील, तिला हेच म्हणत. आता पंचविसाव्या वर्षी ती खरोखरच मास्तरीण झाली होती, तीही परदेशात. पहिलीच्या बावीस मुलांना वाचायला शिकवत होती.

तिलाही घरी जायचं होतं. पण राहण्याचा परवाना संपत आला होता, तो वाढवून घ्यायला पासपोर्ट सरकारी कचेरीत दिला होता, आणि कचेरी सणासाठी बंद झाली ती झालीच. शाळेतले कारकून भले गृहस्थ. "मॅडम, तीन खेटे घातले मी," ते म्हणाले. "फाइल साहेबांच्या टेबलावर आहे, पण साहेब टेबलापाशी नाहीत."

तेव्हा ती हसली होती.

सुट्टीच्या तिसऱ्या दुपारी तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. अण्णांचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा दिसला.

"फोन जरा खाली धरा. आई कुठेय?"

"ती होय... जरा पडलीय."

आदल्या दिवशी अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे ती शेजारी गेली होती. त्याच्या आदल्या दिवशी न्हात होती. अण्णांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. माप घेताना ते गिऱ्हाइकाच्या पोटाविषयीसुद्धा खोटं बोलू शकत नसत. त्यांचा आवाज ऐकूनच तिला काहीतरी खुपलं. मग त्यांच्या खांद्यामागे ओटा दिसला. दुधाचं पातेलं उघडं होतं. मिसळणाचा डबा खिडकीत होता. आईच्या राज्यात हे होणं शक्यच नव्हतं.

"अण्णा, स्वयंपाक कोण करतंय?"

"मी करतोय की. का, मला येत नाही?"

"तुम्हाला चहासुद्धा येत नाही. आईला काय झालंय?"

फोन पुन्हा वर गेला. नुसता पंखा फिरत राहिला. मग त्यांचा आवाज आला, "रडू नकोस आधी. बरी आहे ती. घरी आणलीय."

आईला नऊ दिवसांपूर्वी झटका आला होता. उजवा हात लुळा पडला होता, आणि वाचा गेली होती. तुला येता येणार नाही, मग उगाच जिवाला घोर कशाला, म्हणून सांगितलं नाही, असं अण्णा म्हणाले. नऊ दिवस ती इकडे मुलांना आणि त्यांच्या आयांना सणाच्या शुभेच्छा देत हिंडत होती.

"मला आई दाखवा."

आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिची वेणी अण्णांनी घातली होती हे लगेच कळत होतं. शिलाईसारखी सरळ आणि घट्ट. पडद्यावर मुलगी दिसताच आईचा चेहरा उजळला. ओठ हलले, खूप काहीतरी सांगायला आल्यासारखे, आणि शब्द बाहेर पडले, "असू दे."

"आई, दुखतंय का गं?"

"असू दे. असू दे, असू दे." आई स्वतःवरच चिडून मान हलवू लागली.

"तेवढंच येतं तिला," अण्णा हळूच म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, असं होतं. बाकीचं हळूहळू येईल, किंवा..." त्यांनी आईच्या अंगावरची चादर सारखी केली. "पण मला कळतं हं. आत्ता ती विचारतेय, तू जेवलीस का."

"जेवले गं," मास्तरीण म्हणाली. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.

त्या दिवशी तिने कारकुनांना चार फोन केले. ते आपल्या मुलांना घेऊन बहिणीकडे गेले होते. मागे गलका चालला होता. तरी बाजूला जाऊन त्यांनी नीट ऐकून घेतलं. ते म्हणाले, "मॅडम, परवान्याचा अर्ज मागे घेतलात तर पासपोर्ट लवकर मिळेल. पण मग परत येता येणार नाही. नोकरी गेली समजा. आणि कचेरी उघडेपर्यंत यातलंही काही होणार नाही."

कचेरी उघडायला अकरा दिवस होते. तरी ती दुसऱ्या दिवशी तिथे गेली. दाराला कुलूप, काचेवर सुट्टीची सूचना, आत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. रस्त्यावर दिव्यांच्या माळा, नव्या कपड्यांतली कुटुंबं. एका बाईने तिला हसून थांबवलं आणि "आमचा फोटो काढता का" म्हणून मोबाइल हातात दिला. तिने फोटो काढला. एकाचे डोळे मिटले म्हणून दुसराही काढला.

मग ती जे येत होतं ते करू लागली. वर्गातली चित्रांची कार्डं खोलीवर आणली, मागे मोठ्या मराठी अक्षरांत नावं लिहिली आणि रोज दुपारी फोनसमोर बसली.

"आई, हे काय? क... कप."

"असू दे."

"माझ्या ओठांकडे बघ. कप."

आई तिच्या ओठांकडे बघे, घाम येईपर्यंत जोर लावी. "अ... असू दे." पहिलीतल्या मुलांना ती हेच सांगायची आणि चौथ्या आठवड्याला मुलं वाचू लागायची. पाचव्या दिवशी आईने कार्ड पाहताच तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पुरे कर," अण्णा म्हणाले. "लाज वाटते तिला. लेकीसमोर."

"मी परकी आहे का?"

"तसं नाही गं. पण मला काही बोलून दाखवावं लागत नाही तिला. तुला दाखवावं लागतं."

तिने कार्डं पेटीत भरली.

कचेरी उघडण्याच्या आदल्या दिवशी तिने फोन केला तेव्हा अण्णा खाली औषध आणायला गेले होते. शेजारच्या काकूंनी फोन आईसमोर तांब्याला टेकवला आणि त्या कुकरकडे धावल्या. मायलेकी दोघीच होत्या.

"आई, अर्ज मागे घेऊ का? कायमची येऊ का घरी?"

आई तिच्याकडे बघत राहिली. डोळे भरले. मग स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करत ती म्हणाली, "असू दे."

"असू दे म्हणजे ये, की असू दे म्हणजे नको?"

"असू दे."

"मान हलव ना. हो की नाही?"

आईची मान हलली, पण उभी की आडवी ते कळेना, कारण काकूंनी तांब्याला टेकवलेला फोनच घसरत होता. मग नुसती चादर दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीच्या रांगेत पहिली होती. खिडकीमागच्या बाईने दोन्ही गोष्टी तपासून सांगितल्या. परवान्याला अजून दहा दिवस लागतील. अर्ज मागे घ्यायचा तर तीन आठवडे. "तुमची मर्जी," बाई म्हणाली आणि पुढच्याला हाक मारली. मास्तरणीने रात्रभर उशीत तोंड खुपसून जे ठरवायचा प्रयत्न केला होता, ते ठरवायचं मुळी तिच्या हातातच नव्हतं.

शाळा उघडली. बावीस मुलं सुट्टीत काय केलं ते एकदम सांगू लागली. तिने सगळ्यांचं ऐकलं.

पासपोर्ट आला तेव्हा मुख्याध्यापिकेने बारा दिवसांची रजा दिली. त्याहून जास्त देणं त्यांनाही शक्य नव्हतं, आणि तसं त्यांनी डोळ्यांत बघून सांगितलं. ती घरी पोचली तेव्हा आई काठी धरून दारापर्यंत आली. डाव्या हाताने तिचा चेहरा चाचपत राहिली आणि तेच दोन शब्द म्हणत राहिली.

पहिले चार दिवस ती दर वेळी अण्णांकडे वळायची. "आत्ता काय म्हणाली?" अण्णा सांगायचे. पाणी हवंय. खिडकी लाव म्हणते. तू वाळलीस म्हणते.

पाचव्या दिवशी आई झोपली असताना दोघं स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले होते.

"अण्णा, मला शिकवा ना. तुम्हाला कसं कळतं?"

अण्णांनी मेथीची एक काडी बराच वेळ निवडली. "सगळं कुठं कळतं? पाणी, खिडकी एवढं कळतं. बाकीचं मी मनाचंच सांगतो."

"मनाचं?"

"नाहीतर तिला वाटेल, यांनाही कळेनासं झालं."

आतून आईची हाक आली. "असू दे!" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही उठले.