सुताराच्या घराला दार नाही

रुग्णालयाच्या धुलाईघरातलं काम आटोपून ती गल्लीत शिरली, तेव्हा तिला आपलं घर आधी ओळखूच आलं नाही. जिथे रोज हिरवं दार दिसायचं तिथे नुसतं काळं भोक होतं, आणि त्या भोकात तिची सासू पायरीवर बसून गुडघा चोळत होती.

सासूबाईंना डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नसे. तरी घरात त्या कुणाचा हात धरत नसत. त्यांच्या मुलाने, म्हणजे हिच्या सुतार नवऱ्याने, भिंतीला बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीवर एक लाकडी कठडा ठोकला होता. कठड्याला खाच लागली की न्हाणीघर आलं, गोल कोपरा लागला की चूल आली, आणि कठडा संपला की हाताला दाराची कडी लागायची. कडी लागली की पुढे पायरी. आज कठडा संपला, हात पुढे गेला आणि कडी आलीच नाही.

"दार कुठे गेलं?" सुनेने विचारलं.

"मामा घेऊन गेला, पोराला बरोबर घेऊन. म्हणाला, दुरुस्तीला नेतोय. मी म्हटलं, काय बिघडलंय दारात? तर म्हणाला, आजी, तुम्हाला दिसत नाही."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातली पिशवी तिने तिथेच टाकली आणि सासूचा गुडघा चाचपून पाहिला. मोडलं नव्हतं काही, सोलवटलं होतं.

मामा म्हणजे घरमालक. वरच्या मजल्यावर राहायचा. तो नक्की कुणाचा मामा, हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांनाच तो गोड बोलून मामा बनवायचा, म्हणून नाव पडलं असेल असं सासूबाई म्हणायच्या. सुतारावर तर त्याचं फार प्रेम. खिडकी मोडली, सुताराने नवी केली. जिन्याच्या पायऱ्या कुजल्या, सुताराने बदलल्या. मामा कमरेवर हात ठेवून समोर उभा राहायचा आणि म्हणायचा, तुझ्यासारखा भाडेकरू मिळायला भाग्य लागतं. तेवढ्या शब्दांवर सुतार महिनाभर खूश. मग मामाच्या पोराला खालच्या मजल्यावर दुकान काढायची हुक्की आली, आणि भाग्य फिरलं. जागा सोडा, असं मामाने तीनदा सुचवून पाहिलं. कराराची मुदत बाकी आहे, आणि आईला दुसऱ्या घरात पाऊल टाकता येणार नाही, असं सुताराने तिन्ही वेळा नम्रपणे सांगितलं. चौथ्या वेळी मामा काही बोलला नाही. त्याने दार उचललं.

संध्याकाळी सुतार आला. तो रिकाम्या चौकटीसमोर उभा राहिला, बिजागऱ्या काढल्याच्या जागी बोट फिरवलं, आणि रागावण्याऐवजी वितीने चौकट मोजायला लागला.

"कारखान्यात सागाच्या चार फळ्या पडून आहेत," तो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत उभं करतो. याच्यापेक्षा देखणं."

तिलाही तेच हवं होतं. मामाच्या नाकावर टिच्चून असं दार बसवायचं की त्याने बघतच राहावं. रात्र त्यांनी कपाट आडवं लावून काढली.

सकाळी सुताराने फळ्या आणून अंगणात टेकवल्या. ती कामावर निघाली होती, तेवढ्यात वरच्या सज्जातून मामाचा आवाज आला. आवाज साखरेत घोळलेला.

"काय सूनबाई, नवं दार करताय वाटतं? छान, छान. करा."

आणि मामाने खिशातून मोबाईल काढून फळ्यांचा फोटो घेतला. मग चौकटीचा. मग रंध्याला धार लावत बसलेल्या सुताराचा.

ती दोन पावलं चालली आणि थांबली. ज्या माणसाने काल दार नेलं, तो आज नवं दार होतंय म्हणून खूश का? रागाने डोकं तापलं होतं तरी एवढं तिला कळलं, की आपण रागाच्या भरात नेमकं मामाला हवं तेच करतोय. ती मागे वळली, फळ्यांना हात लावू नका असं नवऱ्याला बजावलं, पत्र्याच्या पेटीतून भाड्याचा करार काढला आणि धुलाईघराऐवजी थेट भाडेकरूंच्या सल्ला केंद्रात जाऊन बसली.

केंद्र म्हणजे एका वाचनालयाची मागची खोली. सल्लागार बाई करार वाचता वाचता एका ओळीवर थांबल्या आणि तो कागद त्यांनी हिच्याकडे फिरवला.

"हे वाचलं होतं का तुम्ही?"

तिने वाचलं. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूने भिंत, चौकट, दार किंवा खिडकी यांत कोणताही बदल केल्यास करार तिथेच संपेल. सही करताना नवऱ्याने हे वाचलं नव्हतं. मामासमोर बसून वाचत राहणं बरं दिसत नाही म्हणून.

बाईंनी तिला समजावून सांगितलं, शाळेत समजावतात तसं, एकेक पायरी चढत. घर मालकाचं असलं तरी भाड्याने दिलं की आत राहण्याचा हक्क भाडेकरूचा. मालकाला आत यायचं तर आधी कळवावं लागतं. बाहेर काढायचं तर न्यायालयात जावं लागतं. तिथे कारण सांगावं लागतं, ते पटावं लागतं. दार काढणं, पाणी तोडणं, कुलूप बदलणं ही सगळी न्यायालय चुकवायची चोरवाट, आणि आपल्या राज्यातल्या कायद्याने ती बंद केली आहे.

"म्हणजे चूक त्याची."

"आत्ता त्याची आहे. तुम्ही नवं दार बसवलंत की प्रश्न बदलतो. मग तो म्हणणार, मी दुरुस्तीला नेलं होतं, आणणारच होतो, यांनी न विचारता बदल केला. न्यायालय त्याचं ऐकेल असं मी म्हणत नाही. पण भांडायला त्याच्या हातात काठी तुम्ही का द्यायची?"

मग बाईंनी विचारलं, आधी कधी काही बदललंय का. तिने सांगायला सुरुवात केली. खिडकी. जिना. माळा. कठडा. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"कधी लिहून कळवलंत? की खिडकी मोडली आहे, दुरुस्त करून द्या म्हणून?"

"कळवायचं काय त्यात? सुतार घरातच आहे."

बोलता बोलता तिचं तिलाच समजलं. मामाने भाडेकरू निवडला नव्हता, फुकटचा सुतार निवडला होता. आणि दार काढलं तेव्हाही तो नेमकं ओळखून होता, की हा माणूस कुठे तक्रार करणार नाही. हा फळ्या आणेल. दुसऱ्या कुणाच्या घराचं दार नेलं असतं तर तो आरडाओरडा करत चौकीत गेला असता. सुतार रंध्याला धार लावत बसला.

बाईंनी उपाय सांगितला तो तिला मुळीच आवडला नाही. दार करायचं नाही. चौकट आहे तशी ठेवायची. दार परत बसवा असं मामाला लिहून द्यायचं, भाडे अधिकाऱ्याकडे तक्रार करायची, आणि त्यांचा तपासनीस येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत थांबायचं. पडदा चालेल, तो बदल नव्हे.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो तिच्याकडे बघतच राहिला.

"मी लोकांच्या घरांना दारं लावतो," तो म्हणाला, "आणि माझ्या आईने उघड्यावर झोपायचं?"

"हो. आणि तुमच्यामुळेच."

हे तिला बोलायचं नव्हतं. पण तोंडातून निघालं, आणि मग मागचं सगळंच निघालं. तुम्हाला वाहवा पुरते. तुम्ही त्याचं घर बांधत राहिलात आणि एकदासुद्धा एका कागदावर लिहून मागितलं नाहीत. मोडलं की जोड, मोडलं की जोड. त्याने ओळखलंय तुम्हाला. मला ओळखायला इतकी वर्षं लागली.

सुताराने फळ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या केल्या, शिक्षा केलेल्या मुलांसारख्या.

तिने धुलाईघरातून बाद झालेल्या दोन चादरी मागून आणल्या, एकीला एक शिवल्या आणि चौकटीत पडदा लावला. वारा आला की तो पोटासारखा फुगायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला चुलीपर्यंत सगळं दिसायचं. कुत्री आत डोकावत. आंघोळीला जाताना सासूबाई आधी विचारत, पडदा घरात आहे की बाहेर? कठड्याच्या टोकाशी आलं की त्यांचा हात हवेत थांबायचा, आणि त्या तिथूनच परत फिरायच्या. पायरीवर येऊन बसणं त्यांनी सोडून दिलं. हे बघितलं की सुनेच्या मस्तकात पुन्हा पहिल्या दिवसाची तिडीक उठायची.

मामा जाता-येता हळहळायचा. गल्लीत चार माणसं उभी असली की मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "कलियुग आहे बाबा. सुताराच्या घराला दार नाही." लोक हसायचे. सुतारही ओशाळं हसायचा, आणि तिला ते हसणं मामाच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं.

एका संध्याकाळी सुताराचा धीर सुटला. ती घरी आली तर अंगणात भुसा पडलेला, एक फळी रंधून गुळगुळीत झालेली, आणि वर सज्जात मामा खुर्ची टाकून बसलेला. नाटक बघायला बसावं तसा. ती पडदा बाजूला सारून चौकटीत जाऊन उभी राहिली, दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकवून.

"बसवा," ती म्हणाली. "पण आधी मला रंधून काढा. त्याशिवाय इथे दार बसायचं नाही."

"लोक हसतात गं."

"हसू देत. दार बसलं तर लोक हसायचे थांबतील आणि आपण रस्त्यावर येऊ. आईंना तिथे कसला कठडा करणार आहात?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "अरे, ठेव तो रंधा. माझं काही अडलेलं नाही. उलट वारा चांगला येतो."

सुताराने रंधा खाली ठेवला. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

तपासनीस आला तो एका दुपारी, छत्री काखेत मारून. बोलण्यात उगाच गोडवा नाही, उगाच दरारा नाही. चौकटीतली स्क्रूची भोकं त्याने वाकून पाहिली. मामाने लगबगीने खाली येऊन सांगितलं, दार दुरुस्तीला आहे, लाकूड वाळायला वेळ लागतो, पोरगा रंग देतोय. तपासनीस म्हणाला, दाखवा.

दार गच्चीवर सापडलं. दोन पिंपांवर आडवं टाकून मामाच्या पोराने त्याचं टेबल केलं होतं. त्यावर उष्टे कप होते, पत्ते होते. रंधा किंवा कुंचला त्याला कुणी लावलेला नव्हता. तपासनिसाने कप बाजूला करून फोटो काढले आणि तिथेच उभ्या उभ्या आदेश लिहिला. अंधार पडायच्या आत दार जागेवर. जागा हवी असेल तर न्यायालयात जा, पण तिथला निकाल लागेपर्यंत या घराच्या खिळ्यालाही हात लावायचा नाही.

मामाचा चेहरा उतरला, पण सवय उतरली नाही. दार खाली आल्यावर त्याने सुताराला जुन्याच सुरात हाक मारली.

"चल रे, लाव हात. तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार?"

आणि सुतार उठला. इतक्या दिवसांनंतरही उठला. हात आपोआप हत्यारांच्या पेटीकडे गेला. ती पेटीवर जाऊन बसली.

"ज्याने काढलं तो बसवेल," ती म्हणाली. "मामा, तुम्हीच म्हणत होता ना, दुरुस्ती तुमची? मग करा."

बाप-लेकांनी दार बसवलं. सुताराला ते बघवेना. एक बिजागरी वर, एक किंचित खाली. स्क्रू तिरके, एक हातोडीने ठोकलेला. त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा बायकोकडे बघून मिटलं. शेवटी तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आपल्या फळ्यांशेजारी.

सगळे गेल्यावर सासूबाई उठल्या. कठड्याची खाच, गोल कोपरा, मग कठडा संपला. हात पुढे गेला आणि कडीवर पडला. त्यांनी ती थोडा वेळ नुसती धरून ठेवली. मग दार ओढलं. दार फरशीवर करकरत अर्ध्यावर येऊन अडकलं.

"घासतंय रे," त्या म्हणाल्या.

सुतार रंधा घेऊन पोहोचलाही होता. "खालून जरासं काढतो. दोन हात मारायचे फक्त, कुणाला कळणारही नाही."

"नाही," ती म्हणाली.

"अगं, आईला उघडत नाहीये."

"मामा दुरुस्त करून देईपर्यंत मी उघडेन. रोज. कामावर जायच्या आधी आणि आल्यावर."

तिने कागद घेतला आणि जमिनीवर बसून लिहिलं: दार फरशीला घासते, पूर्ण उघडत नाही, घरात वृद्ध व्यक्ती आहे, दुरुस्त करून द्यावे. खाली तारीख घातली. तसाच दुसरा कागद लिहिला, पोच घेण्यासाठी. दोन्हींवर नवऱ्याने सही केली. सही करताना त्याचा हात रंध्यावर चालतो तसा सरळ चालला नाही, पण त्याने केली.

दोन्ही कागद घेऊन ती जिना चढली. पायरी पायाखाली जराही वाजत नव्हती. तिच्याच नवऱ्याने बसवलेली होती. मामाने दार किलकिलं केलं, कागद बघितला आणि म्हणाला, ठेव तिकडे, सवडीने बघतो.

"आधी या दुसऱ्यावर सही करा, मिळाला म्हणून," ती म्हणाली. "मी थांबते."

मामाने दार लोटलं. ती तिथेच पायरीवर बसली, कागद मांडीवर ठेवून. खाली सासूबाई दार ओढत होत्या, आणि ते करकरत होतं.