भोक न पाडता बसवलेली डिश

डिश बसवायला आलेल्या रोशनने गच्चीवर ड्रिल मशीन टेकवलं आणि अनंतरावांनी त्याचा हात धरला. वॉटरप्रूफिंग नवं होतं, पांढरंशुभ्र. त्यावर ते स्वतः चपला घालून चढत नसत.

डिश त्यांची नव्हतीच; शेजारच्या प्रेमिलाची होती. निवृत्तीनंतर अनंतरावांनी वरचा मजला चढवला तो थेट कुंपणाला चिकटवून. प्रेमिलाच्या टिनाच्या घराचं दक्षिणेकडचं आकाश त्या भिंतीमागे गेलं, आणि टीव्हीचा उपग्रह नेमका त्याच आकाशात होता. तो छत्तीस हजार किलोमीटरवर एका जागी उभा असतो, त्याला सरकवता येत नाही, मजलाही सरकवता येत नाही, हे रोशनने दोन्ही पक्षांना निःपक्षपातीपणे समजावलं होतं. त्या मजल्यापासून दोन घरांत बोलणं उरलं ते कचऱ्याच्या गाडीपुरतं.

प्रेमिला मागायला आलीच नसती. पण सासूबाईंचं, यमुताईंचं, खुब्याचं हाड मोडलं. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेल्या यमुताई त्यानंतर एकही वर्ष चुकल्या नव्हत्या. यंदा दसऱ्याचा तिथला सोहळा दिसला तर टीव्हीवरच दिसणार होता.

अनंतरावांनी गच्ची दिली. अट एकच, भोक पाडायचं नाही. रोशनने रंगाच्या रिकाम्या बादलीत वाळू भरली, त्यात पाइप रोवून डिश बसवली, आणि हवा सुटली तर माझं नाव घेऊ नका, असं बजावून गेला.

विजयादशमीच्या संध्याकाळी हवा सुटली.

प्रेमिलाच्या टीव्हीवर भन्तेजी दिसले, त्यांचे चौकोनी तुकडे झाले, मग नुसता निळा पडदा. यमुताई पांढऱ्या लुगड्याचा पदर सारखा करून त्या निळ्या पडद्यापुढेच हात जोडून बसून राहिल्या. प्रेमिलाला ते बघवेना. ती उठली तोच चित्र आलं. आलं ते आलंच; वंदना झाली, भाषणं सुरू झाली, बाहेर टिनं वाजत राहिली, पण चित्र हललं नाही.

चित्र टिकलं, एवढं निदान सांगून तरी यावं म्हणून ती शेजारी अनंतरावांकडे गेली. बैठकीत खाप्याहून आलेले पाहुणे आपट्याची पानं हातात धरून यजमानांची वाट पाहत होते. तुमच्या टीव्हीचा आवाज बंद पडला तसे हे वर पळाले, अजून उतरलेले नाहीत, असं अनंतरावांच्या बायकोने, सुमतीबाईंनी, कोरड्या आवाजात सांगितलं.

ती गच्चीवर गेली. अनंतराव नव्या सदऱ्यात, एक पाय बादलीवर देऊन, दोन्ही हातांनी पाइप आवळून उभे होते. मान वळवली तर डिश वळेल म्हणून ते समोर बघतच बोलले.

"दिसून राहिलं का?"

"दिसून राहिलं."

"मग तू काहून आली वं वर? जा, टीव्ही पाय ना."

प्रेमिला पुढे झाली. त्यांच्या हातांच्या खाली तिने पाइप घट्ट धरला, बादलीवर पाय रोवला.

"तुम्ही जा, काका. आई विचारून राहिल्या, अनंता काहून नाही आला म्हणून."

यमुताईंनी असं काही विचारलं नव्हतं.

अनंतरावांनी एकेक बोट सोडलं. पाहुण्यांसमोरून जाताना आलोच म्हणाले आणि शेजारच्या घरात शिरले. यमुताईंनी पडद्यावरची नजर न काढता बाजूची खुर्ची हातानेच त्यांच्याकडे ढकलली.