तपकिरीचा खालचा थर

"बाई, हा जरा उजळ नाही का वाटत?" मुलीच्या आईने चाचरत विचारलं.

नखाएवढी रंगवलेली चकती बाईंनी मुलीच्या उरलेल्या डोळ्याशेजारी धरली होती. खरंच उजळ होती. एकवीस वर्षं कृत्रिम डोळे बनवणाऱ्या डोळेवाल्या बाईंचा रंग सहसा चुकत नसे. त्यात कॅन्सरने एक डोळा गेलेली ही साडेतीन वर्षांची पोर सकाळपासून पुढ्यातच बसलेली.

"चुकलंच माझं. थांबा जरा, दुरुस्त करते."

चकती खिडकीशी नेली, तेव्हा चूक ओळखीची निघाली. मधाकडे झुकणारा हा तपकिरी रंग त्यांच्या लेकीच्या डोळ्यांचा होता. सकाळी कामाला बसण्याआधी तासभर व्हिडिओ कॉलवर तेच डोळे बघितले होते, हाताने तोच रंग कालवला.

लेक इथेच शिकली आणि हेच काम करायला परदेशी गेली. करार या महिन्यात संपत होता. बाईंनी शेजारचं टेबल कधीच रिकामं करून ठेवलं होतं.

"आई, वर्षभरात लहान मुलाचा डोळा एकच केला मी," लेक सकाळी म्हणाली होती. "बाकी सगळे साठीपुढचे. निळे, करडे. फिक्या डोळ्यांच्या गोऱ्या माणसांना डोळ्याचा हा मोठेपणीचा कॅन्सर जास्त होतो."

"इथे तपकिरीची बाटली महिनाभर पुरत नाही. सगळी लेकरंच."

"लेकरांचा कॅन्सर जन्मांच्या मानाने सगळीकडे जवळपास सारखाच गं. तुमच्याकडे बाळं जास्त जन्मतात, आणि कळतं उशिरा. इथे लवकर कळतं, म्हणून बऱ्याचदा डोळा वाचतो."

"तेच म्हणते मी. मग हात कुठे जास्त लागतात?"

लेक हसली. "तू आकडे सांगतेयस, की मला बोलावतेयस?"

"आकडे सांगतेय," बाई म्हणाल्या होत्या.

आता टेबलावरचा फोन थरथरला. लेकीचा मेसेज होता. 'सही केली. आणखी तीन वर्षं. रागावू नकोस ना.'

बाईंनी फोन पालथा घातला. खरं तर रंग खरवडून पहिल्यापासून करायचा. त्यांनी खरवडला नाही. वरून गडद तपकिरीचा पातळ हात दिला, मग आणखी एक. खालचा मध आतून किंचित उजळत राहिला. चकती पुन्हा मुलीच्या डोळ्याशी धरली, आणि तिची आई म्हणाली, "आता अगदी जुळला."

दुसऱ्या दिवशी डोळा बसला. पोरीने आरशात बघून विचारलं, "हा माझा?"

"तुझाच."

"आता हाच कायमचा ना?" आईने विचारलं.

"नाही हो. ती वाढेल तसा बदलावा लागेल. वर्षाने घेऊन या." बाई खाली वाकल्या. "येशील ना गं परत?"

"येईल की. न येऊन सांगते कुणाला," आई हसली.

बाईंनी कागदावर पुढच्या वर्षीची तारीख लिहून दिली. दोघी दारापर्यंत पोचल्या, तेव्हा त्यांना थांबवून कागद परत मागून घेतला, आणि तीच तारीख पेनाने पुन्हा एकदा ठळक गिरवली.