दादाची शेवटची मादी

बाबा गेल्यावर दादानं त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान स्वतःकडे घेतलं आणि मला सहा मासे दिले. छोटे टेट्रा, बोटाच्या पेराएवढे, अंगावर लाल पट्टी. बाबांनी पंधरा वर्षं जपलेला तो वाण आता फक्त आम्हा दोघांकडेच उरला होता. घरी आणून नीट निरखले तेव्हा कळलं, सहाच्या सहा नर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नर-मादी ओळखता येत नाही इतका काही दादा अडाणी नव्हता. मुद्दामच केलं होतं.

मी मेले तरी मादी मागायला जाणार नाही, असं ठरवलं आणि टाकी मांडली.

दुकानाच्या मागच्या खोलीत बाबांच्या हाताखाली मीच असायचे, दादा पुढे गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. आमच्या नळाचं पाणी जड, पीएच आठच्या घरात. त्यात हे मासे जगतात, पण अंडी घालत नाहीत. मी फिल्टरचं पाणी थोडं थोडं मिसळलं, वाळलेली बदामाची पानं सोडली, भिजवून मुरवलेलं लाकूड ठेवलं. घाई केली तर मासे दगावतात, म्हणून तीन आठवडे लावले. पाणी कोऱ्या चहासारखं झालं, तपासणीच्या थेंबांचा रंग निळ्याचा पिवळा झाला, म्हणजे पीएच उतरला. सगळी तयारी झाली, सहा नवरदेव हजर आणि नवरीचा पत्ता नाही. रोज सकाळी त्यांना खाणं टाकताना मी दादाच्या नावानं बोटं मोडायचे.

दीड वर्षानं त्याचा फोन आला.

"महिनाभर पानं टाकतोय गं. पीएच हलतच नाही. काय चुकतंय?"

काय चुकतंय ते मला रस्त्यावरून जाता-येताच दिसलं होतं. दुकान उजळ दिसावं म्हणून त्यानं सगळ्या टाक्यांच्या तळाशी पांढरे संगमरवरी खडे पसरले होते. संगमरवर पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पानांनी उतरवलेला पीएच पुन्हा वर चढवतो. 'खडे काढ' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"बाबांनी तुला सांगितलं असेलच की," मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी दोन घास जास्तच गेले.

पुढच्या रविवारी तो दारात उभा. हातात पाण्याची पिशवी, पिशवीत एकच मादी, कलंडलेली. पानांनी जमेना म्हणून त्यानं ॲसिडची बाटली आणून ओतली होती. पीएच धाडकन खाली आला, खड्यांनी परत वर नेला, यानं परत ओतलं. बाकीचे सगळे मेले होते.

"एवढी वाचव," तो म्हणाला. "पंधरा दिवसांनी येतो."

माहीत असून मी गप्प बसले होते, हे क्षणभर टोचलं. क्षणभरच.

तिला मी थेंबाथेंबानं माझ्या पाण्याची सवय लावली आणि नरांच्या टाकीत सोडली. आठवड्याभरात ती सरळ पोहायला लागली, तिचं पोट अंड्यांनी भरलं. नवव्या सकाळी तिनं पानांमध्ये अंडी घातली. मोठे मासे अंडी खातात, म्हणून त्यांना स्वयंपाकघरात बादलीत हलवलं. अंड्यांना उजेड सोसत नाही, म्हणून टाकीला वर्तमानपत्र गुंडाळलं. पंधराव्या दिवशी कागदाचा कोपरा उचलून पाहिलं, तर आत पिल्लंच पिल्लं. शंभर तरी असतील.

दुपारी दादा आला.

"गेली," मी सांगितलं. "दुसऱ्याच दिवशी."

तो टाकीला पाठ करून स्टुलावर बसला आणि रडायला लागला. बाबा गेले तेव्हासुद्धा हा माणूस रडला नव्हता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"तुला नरच दिले होते मी," तो म्हणाला. "वाटलं, मादी मागायला तरी दुकानात येशील. मागची खोली अजून तशीच ठेवलीय. तू आलीच नाहीस."

"मग सरळ 'ये' म्हणायला काय झालं होतं?"

"तू आली असतीस?"

त्याच्या पाठीमागे वीतभर अंतरावर कागदाआड ती पिल्लं पोहत होती. कागद तेवढा बाजूला करायचा होता. माझा हात उठलासुद्धा, पण मी तो पदराला पुसला आणि म्हटलं, "पाणी आणू?"

त्यानं नको म्हटलं, तोंड पुसलं आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात घालून निघून गेला.

पुढच्या रविवारी त्याला सगळं सांगेन, असं मी ठरवलं. मग म्हटलं, त्याच्या पुढच्या.